बुलबुलाच्या तोंडाचं माप

लग्नाला चार महिने झाले होते आणि आमचं पहिलं भांडण उंबरावरून झालं.

मी तेव्हा नागापूरच्या एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला होतो. दिवसभर शाफ्ट आणि बुश मोजायचे, पास की नापास ते सांगायचं, हे माझं काम. ही नगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. आमचं लग्न मे महिन्यात विहारात साध्या पद्धतीनं लागलं. त्याआधी तिनं मला एकच अट घातली होती की शिक्षण पुरं करू द्यायचं. मी लगेच हो म्हटलं होतं. त्या होकारात काय काय येणार आहे, याची मला कल्पना नव्हती.

भिंगारला आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. नव्वदीची पहिली वर्षं होती, घरात टीव्ही नव्हता, एक स्टोव्ह, एक खाट आणि हिची पुस्तकं. सप्टेंबरातल्या एका रविवारी दुपारी मी बाजार करून आलो तर ही फरशीवर फतकल मारून बसलेली. पुढ्यात तीस-चाळीस पिकली उंबरं. प्रत्येकाला दोरा गुंडाळायची, दोरा सरळ करून शाळेच्या फुटपट्टीवर धरायची आणि वहीत आकडा लिहायची.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"व्यास काढतेय."

"दोऱ्यानं?"

"मग कशानं काढू?"

मला हसू आलं. ते दाबायला हवं होतं, पण दाबलं नाही. मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी ज्याचा पगार होतो, त्याच्या घरात बायको उंबराला दोरा गुंडाळत होती. मी हसत सुटलो आणि हिनं सगळी उंबरं गोळा करून ताटात भरली, ताट घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. संध्याकाळपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दिवेलागणीला मी ट्रंक उघडली. आयटीआयला असताना घेतलेलं माझं स्वतःचं व्हर्निअर, दोन जबड्यांत वस्तू धरून बारीक माप दाखवणारं, पिवळ्या कापडात गुंडाळून ठेवलं होतं. ते घेऊन दार ढकललं, तिच्याशेजारी बसलो आणि एक उंबर उचलून त्याच्या जबड्यात धरलं.

"एकवीस पूर्णांक चार," मी म्हटलं.

तिनं वही पुढे ओढली आणि म्हणाली, "पुढचं सांगा."

त्या संध्याकाळी आम्ही सगळी उंबरं मोजली. मग घरातले कांदे मोजले, शेंगदाणे मोजले, तिच्या बांगड्या मोजल्या. हसून हसून तिला उचकी लागली.

तिच्या सरांनी तिला जो प्रकल्प दिला होता, तो मला तिनं त्याच रात्री जेवताना समजावून सांगितला. फळं खाणारे पक्षी आणि त्यांना फळं देणारी झाडं यांचं एकमेकांशी कसं जमतं, हे बघायचं होतं. फळाचा आकार, रंग, साल, बी एका बाजूला लिहायचं. दुसऱ्या बाजूला पक्ष्याची चोच, अंगाचं वजन, फांदीवर बसायची पद्धत. मग कोण कुणाकडे जातो आणि त्यातून झाडाला काय मिळतं, ते शोधायचं.

"म्हणजे स्थळं जुळवायची," मी म्हटलं.

"तसंच. फक्त इथे मध्यस्थ नाही, मापं जुळली की झालं."

मला विषय एकदम पटला. मापाचा विषय होता. दुसऱ्या दिवसापासून मीही त्यात पडलो.

आमच्या घराच्या मागं एक उंबर होता, पलीकडे कडुनिंब, कुंपणाला घाणेरी माजलेली आणि कोपऱ्यातल्या जुन्या आंब्यावर बांडगूळ. सकाळी माझी पहिली पाळी नसली की आम्ही दोघं चहाचे कप घेऊन मागच्या पायरीवर बसायचो. मला तोवर कावळा, चिमणी आणि पोपट एवढेच पक्षी ओळखता येत होते. महिन्याभरात तांबट कळला, साळुंकी कळली, लालबुड्या बुलबुल कळला. पोपट बघायला सुंदर, पण झाडाच्या दृष्टीनं चोर, हेही कळलं. तो गर टाकून देतो आणि आतली बीच फोडून खातो. बुलबुल फळ अख्खं गिळतो आणि बी दुसरीकडे कुठंतरी जाऊन टाकतो. एकाच फळाला दोघंही येतात, एक झाडाचं घर मोडतो आणि दुसरा वसवतो. सगळा फरक चोचीचा.

बांडगुळावर एक अंगठ्याएवढा पक्षी यायचा, फुलटोच्या. त्याची गंमत हिनं आधी वाचली होती आणि मग एका सकाळी आम्ही प्रत्यक्ष पाहिली. बांडगुळाची बी इतकी चिकट, की ती त्याच्या अंगातून बाहेर आली तरी खाली पडत नाही, शेपटीखाली चिकटून राहते. मग तो फांदीवर आडवा बसून बुड घासतो. बी फांदीला चिकटते आणि तिथंच नवं बांडगूळ रुजतं. एवढ्याशा पक्ष्याला जमेल एवढंच फळ आणि फांदीला चिकटेल एवढीच बी. ही आनंदानं इतकी भारावली, की घरात आल्यावर मला ते परत करून दाखवायला लागली. लाकडी पाटावर आडवी बसून, दोन्ही हात पंखांसारखे धरून ती सरकत होती आणि मी भिंतीला टेकून पोट धरून हसत होतो. तेवढ्यात घरमालक काका वर्तमानपत्र द्यायला दारात आले.

काका लष्कराच्या डेपोतून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेले. सरळ उभे राहायचे, मोजून बोलायचे. त्यांनी हिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पोरी, पाय मुरगळला का?"

"नाही काका. फुलटोच्या."

काकांनी वर्तमानपत्र उंबऱ्यावर ठेवलं. "काय ते नीट सांग," म्हणाले आणि खाटेवर बसले. हिनं सगळं सांगितलं. ते तासभर हलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मागच्या पायरीवर चहाचे तीन कप लागायला लागले. काकांनी स्वतःची एक वही केली. तारीख, वेळ, पक्षी, फळ, किती घेतली, किती पाडली. स्टोअरचं रजिस्टर असावं तशी ती वही होती.

फळांची मापं हातात आली, पण पक्ष्यांच्या तोंडांची कशी घ्यायची, इथं सगळं अडलं. पक्षी पकडायला सरांनी मनाई केली होती आणि हिलाही ते नको होतं. पुस्तकात चोचीची लांबी मिळायची, पण तोंड उघडल्यावर किती रुंद होतं, ते कुठं मिळेना. ही आठ दिवस उदास होती. मी कामावर शाफ्ट तपासत होतो आणि समोर गेज होतं. आमच्याकडे साधी पद्धत असते. पार्ट एका गेजमधून जायलाच हवा आणि दुसऱ्यातून जाताच कामा नये. आकडा न वाचताच कळतं, बसतो की नाही. माझ्या डोक्यात आलं, बुलबुलाचं तोंड हेच गेज आहे. आपण त्याला वेगवेगळ्या मापांचे पार्ट द्यायचे. कोणता आत जातो आणि कोणता अडतो, ते तोच सांगेल.

मी फोरमनकडे गेलो. भंगारातली ॲल्युमिनियमची एक पट्टी मागितली आणि जेवणाच्या सुट्टीत ड्रिल मशीन वापरायची परवानगी मागितली.

"कशासाठी?"

"भोकं पाडायची आहेत. पाच मिलिमीटरपासून वीसपर्यंत."

"कुठली ऑर्डर आहे?"

"बुलबुलाची."

फोरमन मोठे गंभीर गृहस्थ. त्यांनी चष्मा काढून पुसला. "टॉलरन्स किती?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पक्ष्याला थोडं इकडंतिकडं चालेल. "काम करायचं तर नीट करायचं," असं म्हणून त्यांनी मला भोकं नेमक्या मापाची करायला रीमरचा सेटही दिला. पुढं दर सोमवारी ते मला विचारायचे, "तुमच्या बुलबुलाचं इन्स्पेक्शन कुठवर आलं?"

पट्टी घरी आली. हिनं कणीक मळली. आम्ही गोळ्या वळायच्या आणि पट्टीच्या भोकांतून घालून बघायच्या. आठच्या भोकातून जाते, सातच्यातून जात नाही, म्हणजे ती आठची गोळी. कुंकवानं लाल केल्या, काही काजळीनं काळ्या, काही पालकाच्या रसानं हिरव्या. बोरीची एक काटेरी फांदी तोडून गच्चीवर डब्यात उभी केली आणि काट्यांवर गोळ्या टोचल्या. लांबून पाहिलं तर फळांनी लगडलेलं झाड दिसत होतं.

पहिल्या दिवशी कावळ्यांनी सगळ्या नेल्या. दुसऱ्या दिवशी खारीनं. तिसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही, कारण नगरच्या उन्हात गोळ्या वाळून छऱ्यासारख्या कडक झाल्या होत्या. काकांनी एक गोळी दातांखाली धरून पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "हे पक्ष्याला देऊ नका. दातवाल्यालाही देऊ नका." मग हिनं कणकेत पिकलं केळं आणि गूळ घातला. कावळ्यांना लांब ठेवायला काका काठी घेऊन गच्चीच्या दुसऱ्या टोकाला बसले. घरातली खाट वर आणून आडवी उभी केली आणि आम्ही दोघं तिच्यामागं चादर ओढून बसलो. चादरीखाली उकडत होतं, केळ्याचा वास सुटला होता आणि हिच्या खांद्याला माझा खांदा लागला होता. मला त्या चादरीतून बाहेर यायची मुळीच घाई नव्हती.

आणि बुलबुल आला. फांदीच्या टोकाला बसला, मान तिरपी करून बघितलं आणि लाल गोळी उचलली. हिरव्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. आठची गेली. नऊची गेली. मग त्यानं बाराची उचलली.

ती काही त्याच्या घशातून उतरेना. त्यानं मान वर केली, खाली केली, चोच फांदीवर आपटली. गोळी अर्धी आत, अर्धी बाहेर, दोन्ही गाल फुगलेले. तुरा ताठ उभा. तसाच तो उडून कठड्यावर गेला, तिथून तारेवर गेला आणि तारेवरून आमच्याकडे रागानं बघत राहिला. गोळी टाकवतही नव्हती आणि गिळवतही नव्हती. हिनं माझा दंड इतका घट्ट धरला, की नंतर तिथं वळ उठला. शेवटी त्यानं गोळी थुंकली, ती खाली काकांच्या टोपीवर पडली.

काका जागचे हलले नाहीत. खिशातून पेन्सिल काढली, वहीत लिहिलं आणि मग टोपी काढली. आमची चादर हसण्यानं हलत होती, तिच्याकडे बघून ते म्हणाले, "बारा मिलिमीटर, नामंजूर."

पुढचे दोन आठवडे आम्ही बुलबुलांवर काढले आणि प्रत्येक वेळी दहाच्या आसपास येऊन ते अडायचे. मग एका सकाळी कोकिळा आली, नर नव्हे, ठिपक्याठिपक्यांची मादी. पावसाळ्यानंतर ही मंडळी गप्प असतात, त्यामुळे लोकांना वाटतं निघून गेली. ती मात्र इथंच होती. तिनं पंधराची गोळी उचलली आणि काही न घडल्यासारखी गिळून टाकली. मग सोळाची. हिनं चादर भिरकावली, मला उठवलं, माझे दोन्ही हात धरून गच्चीभर गरगरा फिरवलं. कोकिळा केव्हाच उडाली होती. शेजारच्या गच्चीवर पापड घालणाऱ्या बायका हात थांबवून बघत होत्या. मी लाजेनं लाल झालो होतो आणि फिरत होतो.

कणकेच्या गोळ्या म्हणजे फळ नाही, हे सरांनी तिला बजावलं. झाडावर जाऊन बघायला पाहिजे, असं ते म्हणाले. हिला तिच्या आईच्या बांधावरची चंदनाची झाडं आठवली. ती त्याच दिवसांत फळायची. शनिशिंगणापूरच्या रस्त्याला लागून आत एक फाटा होता, त्या फाट्यावर तिचं माहेर. एका रविवारी आम्ही लुनावर निघालो. ही मागं बसलेली, हातात डबा आणि पिशवीत पट्टी. चढ आला की ती उतरून पळायची आणि माथ्यावर माझी वाट बघत उभी राहायची.

सासूबाई दारातच होत्या. जावई आला म्हणून कोंबडी करायच्या बेतात होत्या आणि आम्ही पाणी पिऊन थेट बांधाकडं निघालो.

"आरं, बसा तरी जरा, जावईबापू. काय नड हाय येवढी?"

"आई, चंदनाची फळं मोजायचीत," ही म्हणाली.

"मोजायची? किती हायती ती?"

"किती नाही गं. केवढी आहेत ते."

सासूबाईंनी पदर खोचला आणि आमच्या मागं आल्या. बांधावर चंदनाची दोन झाडं होती, वीसेक पावलांच्या अंतरावर. दोन्ही काळ्या फळांनी भरलेली. मला दोन्ही सारखीच दिसली. ही वही काढत होती, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "ह्या झाडाची पोरं पार लांब जात्यात. त्या झाडाची पोरं आयच्या पायाशीच ऱ्हात्यात."

"म्हणजे?"

"बग की. त्याच्या खाली किती रोपं हायती. हजार उगवत्यात आन् सावलीत मरत्यात. ह्याच्या खाली येक बी न्हाई. ह्याची सारी तिकडं, तारंखाली."

आम्ही बघितलं. शेजारच्या शेताला काटेरी तारेचं कुंपण होतं आणि त्या तारेखाली चंदनाची लहान रोपं एका ओळीत उभी होती, पाभरीनं पेरल्यासारखी. तारेवर दोन बुलबुल बसले होते.

हिनं माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून पट्टी काढली. पहिल्या झाडाचं फळ घेतलं आणि दहाच्या भोकात सोडलं. आरपार गेलं. दुसरं, तिसरं, दहावं, सगळी गेली. मग आम्ही दुसऱ्या झाडाकडं गेलो, जवळजवळ पळतच. त्याचं फळ दहाच्या भोकावर ठेवलं आणि ते वर बसून राहिलं. मी अंगठ्यानं हलकंच दाबलं. आत गेलं नाही. दुसरं घेतलं, तेही बसून राहिलं.

तेवढ्यात एक बुलबुल तारेवरून उठून त्याच झाडावर आला. आम्ही तिघं श्वास रोखून उभे राहिलो. त्यानं फळ तोडलं, चोचीत फिरवलं, फांदीवर आपटलं, गर ओरबाडून खाल्ला आणि बी टाकून दिली. ती सासूबाईंच्या पायाशी पडली. तो परत तारेवर गेला.

ही खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. गच्चीवर कणकेच्या गोळ्यांनी जे सांगितलं होतं, तेच इथं दोन झाडांच्या पोरांमध्ये उभं होतं. फळ थोडं लहान, म्हणून बुलबुल गिळतो आणि पोरं गावभर. फळ एक-दोन मिलिमीटर मोठं, म्हणून पोरं आईच्या सावलीत.

"काय झालं हिला?" सासूबाईंनी मला विचारलं.

"बरोबर आलं," मी म्हटलं.

"मंग रडती कशाला?"

मी हिच्याशेजारी मातीत बसलो आणि मलाही हसू आवरेना. सासूबाई कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत होत्या. मग त्यांनाही हसू फुटलं. कशाला हसतोय हे माहीत नसताना त्या आमच्यापेक्षा जास्त वेळ हसल्या. मग हिनं त्यांना गच्चीवरच्या बुलबुलाची आणि कोकिळेची हकिकत सांगितली. त्यांनी पट्टी हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि विचारलं, "ह्यात कोकिळंचं भोक कंचं?" मी सोळाचं दाखवलं. त्यांनी मोठ्या झाडाचं फळ त्यातून सोडलं. ते सहज गेलं. "मग हिला येक कोकीळ पायजे," त्या झाडाकडं बोट दाखवून म्हणाल्या. "हिकडं कोकीळ येती, पर वरसातनं चार-दोन दिस."

हिनं ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. पुढं प्रकल्पाच्या पुस्तकात ते शुद्ध भाषेत आलं, पण आईचा उल्लेख तिनं ठेवलाच. आभारात सर, सासूबाई, काका आणि शेवटी आमचे फोरमन.

तोंडी परीक्षा एप्रिलात झाली. मी अर्धी रजा टाकून कॉलेजच्या व्हरांड्यात उभा होतो. काकाही आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, वही बगलेत. दार उघडंच होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. त्यांनी पट्टी उचलली, भोकांतून एकेक करून पाहिलं.

"हे कुठल्या कंपनीचं आहे?"

"घरी केलंय सर. मिस्टरांनी."

"आणि कणकेची गोळी मऊ असते. फळात कडक बी असते. मग तुमचं माप खरं कशावरून?"

काकांनी माझा हात धरला.

"पूर्ण खरं नाही सर," ही म्हणाली. "गोळी दाबली की चेपते, त्यामुळे तोंड खऱ्यापेक्षा मोठं वाटू शकतं. म्हणून आम्ही झाडावर जाऊन पाहिलं. आणि झाडंही दोनच आहेत, हे मी शेवटच्या पानावर लिहिलंय."

"ते मी वाचलं," परीक्षक म्हणाले. "म्हणूनच विचारलं. मला हेच ऐकायचं होतं." मग त्यांनी तिला फुलटोच्याबद्दल विचारलं. मला धास्ती वाटली की ही तिथंही करून दाखवते की काय. पण तिनं फक्त हातानं दाखवलं. आत सगळे हसले.

तिला पहिला वर्ग मिळाला आणि जूनमध्ये एका तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात नोकरीही लागली. पण त्या दिवशी अजून काहीच कळलेलं नव्हतं. ती बाहेर आली तेव्हा बोलून बोलून तिचा आवाज बसला होता. आम्ही तिघं रस्त्यापलीकडच्या रसवंतीत शिरलो. काकांनी बिनबर्फाचा मागितला, मी लिंबू पिळून. ही काही बोलूच शकत नव्हती, तिनं तीन बोटं वर केली. रसवाला समजला, आम्ही तिघं आहोत. ती मान हलवून नाही म्हणाली, स्वतःकडे बोट दाखवलं आणि परत तीन बोटं वर केली. तिन्ही ग्लास तिनं एका दमात संपवले, ओठांवरचा फेस पदरानं पुसला आणि लुनावर जाऊन बसली.